रिकाम्या चित्रातली रेघ

हे आत्ताच सांगायला हवं. आईने जेवण झाकून ठेवलंय, पण आधी हे.

आमचा एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे. प्रोटॉन एकमेकांवर आदळले की कण उडतात, डिटेक्टरमध्ये ठिपके सोडत जातात. कुठला ठिपका कुठल्याला जोडला की कणाची वाट दिसेल, हे आम्ही क्वांटम कॉम्प्युटरला विचारतो. मशीन परदेशात. नेटवरून काम पाठवायचं, रांगेत थांबायचं. उत्तर येतं शून्य आणि एकच्या ओळीत. एक म्हणजे ही जोडी जोड, शून्य म्हणजे सोड.

आमच्या प्रोजेक्ट गाईड मॅडमची अट एकच. जिथे धडक झालीच नाही असंही एक चित्र पाठवा, नुसते विखुरलेले ठिपके. त्यात सगळी शून्यं आली तरच बाकीचं खरं धरणार, नाहीतर प्रोजेक्ट पुढच्या सेमिस्टरला.

तर आज दुपारी मी आणि माझा विरारचा पार्टनर आमच्या सांडोरच्या वाडीत विहिरीच्या कठड्यावर बसलेलो, कारण नेट तिथेच धड येतं. केळीचं एकही पान हलत नव्हतं. उत्तरं आली. धडकांची चित्रं नुसती वेडीवाकडी, आणि रिकाम्या चित्रात एक स्वच्छ रेघ. मध्यापासून बाहेरपर्यंत, जरा वाकलेली. कोणीतरी तिथून गेल्यासारखी.

पार्टनर म्हणाला, "येडे, ओळ उलटी वाचतेयस तू."

ही चूक आमच्यात सगळ्यांकडून होते. मशीन पहिला क्यूबिट, म्हणजे पहिल्या जोडीचं उत्तर, उजवीकडे लिहितं, आपण सवयीने डावीकडून वाचतो. कोड सुधारला. धडकांची चित्रं पटकन नीट झाली. रिकामं मात्र तसंच. ती ओळ उलटी वाचा की सुलटी, सारखीच होती.

तो हसला. मग हसायचा थांबला.

दुसऱ्या मशीनवर पाठवलं. प्रत्येक मशीनच्या चुका वेगळ्या असतात, तीच रेघ परत येणार नाही, असं तो मला समजावत होता, म्हणजे स्वतःलाच. तीच आली. मग म्हणे काढून टाकू, शून्यं भरू, कोणाला कळतंय. मी नाही म्हटलं आणि मॅडमना फोन लावला.

एवढंच सांगितलं की रिकाम्यात रेघ येतेय, दोन्ही मशीनवर. मला वाटलं, गेलं सेमिस्टर.

"मध्ये जरा वाकते का गं ती?" मॅडम हळूच म्हणाल्या.

वाकल्याचं मी बोललेच नव्हते.

"हो, मॅडम."

"मग तुमचं काही चुकलं नाहीये. रिपोर्ट तसाच दे. मी पास करते." आणि फोन कट.

म्हणजे प्रोजेक्ट वाचला. पार्टनर बॅग उचलून निघून गेला. मी तेव्हापासून आनंद व्हायची वाट बघतेय.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी असं रिकामं चित्र पाठवलंय का कधी? तुम्हालाही आली ती? वाकलेली होती का?