मोनाच्या चित्रातली कुत्री

बावड्याच्या शाळेतले रामहरी सर भित्रे होते असं म्हणणं म्हणजे उसाला गोडसर म्हणणं. सुतळीला साप समजून त्यांनी एकदा अख्खा वर्ग बाकांवर चढवला होता. बारामतीला जाताना ते एसटीत कायम दाराशेजारी बसायचे आणि उतरायला बरं पडतं, असं कारण सांगायचे. आम्ही गावकरी त्यांची यथेच्छ चेष्टा करायचो, ते आम्हाला चहा पाजायचे.

हा माणूस दप्तराविनाच्या शनिवारी मुलांकडून चित्रं काढून घ्यायचा. विषय एकच, शाळेमागचा मानसिंगरावांचा ऊस. दर वेळी शाळेच्या त्याच पायरीवर बसायचं, दिसेल तेच काढायचं आणि तारीख टाकून कागद दोरीला टांगायचा. ऊस कसा वाढतो ते पोरांना डोळ्यांनी कळावं, एवढाच हेतू. सुरुवातीला पोरांनी बांधावर लोळणारी तीन कुत्रीही काढली. सर वैतागले. विषय ऊस आहे, कुत्री नकोत, असं त्यांनी बजावल्यावर सगळ्यांनी ती खोडली. तिसरीतल्या मोनाने मात्र साफ नकार दिला. डब्यातली अर्धी भाकरी ती त्या कुत्र्यांनाच घालायची.

दिवाळीनंतर पालकसभेसाठी सर ती चित्रं ओळीनं भिंतीवर चिकटवत होते. ऊस गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा, मग डोक्यावर गेलेला. मोनाच्या ओळीपाशी त्यांचा हात थांबला. तीन कुत्री. मग दोन. मग एकच, आणि तेही बांध सोडून शाळेच्या पायरीला चिकटलेलं. त्यापुढे नुसता बांध.

कुत्री काढायचा कंटाळा आला का, असं त्यांनी मोनाला विचारलं.

"न्हाय सर. तुमीच म्हनला व्हता, दिसंल तेच काढा. ती दिसतच न्हायती."

"कधीपासनं?"

"ऊस माज्यापरीस उंच झाला तवापासनं."

सरांच्या हातातून डिंकाची बाटली सुटली. निम्मी शाळा त्याच बांधावरून घरी जायची, मोनासुद्धा.

ते तडक मानसिंगरावांकडे गेले. बिबट्याचं नाव काढताच तिथं बसलेली मंडळी पोट धरून हसली.

"सर, ह्यो बी सुतळीचाच हाय का?" मानसिंगरावांनी विचारलं.

वनखात्याला फोन लावला, तर माणसं उद्या येतील असं उत्तर मिळालं. शाळा मात्र आजच सुटणार होती.

सुटली तेव्हा सर सगळ्यांच्या पुढे होते, खिचडीचं ताट उलथन्यानं बडवत. मागे मुलांची रांग. बांधाच्या मध्यावर वारा नसताना ऊस हलला. थोडा थांबून पुन्हा हलला, या वेळी जवळ. सरांचे पाय पळायला सरावलेले होते, पण मुलं मागे होती. ते उसाकडे तोंड करून उभे राहिले आणि शेवटचं मूल पुढे जाईपर्यंत घामानं निथळत ताट बडवत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिथल्याच ओल्या सरीत ठसे सापडले. मोठे, आणि शेजारी लहानही. पिंजरा लागला, पण अजून रिकामाच आहे आणि ऊसही उभाच आहे. शाळा सुटायच्या वेळी मानसिंगराव आता ट्रॅक्टर घेऊन बांधावर थांबतात. हसत नाहीत.

पुढच्या शनिवारी मोनाने उसापुढे सर काढले. हातात ताट, आणि गुडघे एकमेकांवर आपटणारे. सरांनी खोडरबर उचललं, चित्राकडे पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवलं. मग चष्मा पुसून ते तिच्या हिरव्या उसात कुठं पिवळं दिसतंय का, ते शोधू लागले.