त्याच्याही नावाची पुडी

कंबोडियातल्या त्या खेड्यात मी ज्यांच्या घरी राहत होते, त्या मावशी सकाळपासून केळीच्या पानांत चिकट भाताच्या पुड्या बांधत होत्या. त्यांचा पितरांचा सण होता. आपला पितृपक्षच म्हणा, फक्त कावळ्याऐवजी विहारातल्या भिक्खूंना जेवण द्यायचं आणि गेलेल्यांची नावं त्यांच्याकडून वाचून घ्यायची.

यादी मावशींची लेक लिहीत होती. ती शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळे मला सगळं समजावून सांगत होती. आजी, आजोबा, वडील, दोन मामा. शेवटच्या नावाशी ती थांबली.

"हा गावातलाच. लढाईच्या दिवसांत बाबांना यानेच घरातून ओढून नेलं. ते परत आलेच नाहीत."

माझ्या हातातली पुडी अर्धवट राहिली. "आणि त्याला जेवण?"

तिने आईला विचारलं. मावशींनी दोरी आवळता आवळताच उत्तर दिलं.

"आई म्हणते, त्याच्या मागे कोणी उरलं नाही. मग तो जेवणार कुठे?"

मला चक्क रागच आला. हे असलं कसलं मन! माझ्या लग्नात मानपानावरून काका रुसून गेले, एवढ्यावर आमच्या घरात त्यांचं नाव घेणंच बंद झालं. ते वारल्यावरही पितृपक्षात त्यांचं पान वाढलं नाही. त्यांच्याही मागे कोणी नव्हतं.

"तुमच्या गेलेल्यांची नावं सांगा," लेक म्हणाली.

मी वडिलांचं सांगितलं. पेन तसंच धरून ती माझ्याकडे बघत राहिली. मग मी काकांचंही सांगितलं.

मावशींनी आणखी एक पान पुसायला घेतलं.