वणव्याच्या चौकीतली सांजवात

नेपरव्हिलच्या मराठी मंडळींना रत्नाकाकूंचं घर सांगावं लागत नाही. थंडीत साडेचारलाच अंधारून येतं, रस्ताभर सगळी घरं सारखीच पांढरी दिसतात, पण एका स्वयंपाकघराच्या खिडकीत निरांजन तेवत असतं. तेच काकूंचं.

या दिव्याला एकोणतीस वर्षं झाली. अमेरिकेतल्या त्यांच्या पहिल्याच हिवाळ्यात प्रल्हादकाका ऑफिसातून येताना हिमवादळात अडकले. मोबाइल तेव्हा नव्हता. काकूंनी खिडकीत निरांजन लावलं आणि बाळकृष्णाला सांगितलं, "हे धडधाकट घरी येऊ देत. रोज तिन्हीसांजेला तुझ्यापुढे माझ्या हाताने ज्योत लागेल." काका नऊ वाजता आले. नाक लाल, भुवयांवर बर्फ, आणि तोंडातून पहिलं वाक्य, "अगं, पडदा जळेल ना!"

देवाने आपला शब्द पाळला, मग काकू आपला मोडतील होय? बाळंतपणाची ती एक संध्याकाळसुद्धा पोटातल्या लेकीने, रुचाने, राखली; दिवा लागल्यावरच कळा सुरू झाल्या आणि दुसऱ्या तिन्हीसांजेच्या आत काकू बाळाला घेऊन घरी. एकदा धुपाच्या धुराने अलार्म कोकलला आणि अग्निशमनवाल्यांची गाडी दारात आली. चार धिप्पाड जवान धावत आले. काकूंनी त्यांना आधी बूट काढायला लावले आणि मग बेसनाचे लाडू दिले.

तर अशा बाईला तिच्या लेकीने रात्रभर राहायला कुठे न्यावं? वणवा राखायच्या चौकीत!

रुचा आयडाहोत जंगलांचा अभ्यास करते, पीएचडी. तिथल्या डोंगरमाथ्यांवर जुन्या चौक्या आहेत. उंच खांबांवर एकच खोली, चारी भिंती काचेच्या. पूर्वी उन्हाळाभर तिथे एकेक माणूस राहायचा आणि कुठे धूर दिसतो का ते पाहायचा. आता त्यातल्या काही चौक्या भाड्याने मिळतात. "आई, सहा महिने आधी बुकिंग केलंय," रुचाने फोनवर बजावलं होतं, "कॅन्सल केलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

ऑगस्टचा शेवट होता. गवत वाळून पापडासारखं झालेलं. वनखात्याच्या ऑफिसात किल्ली देताना तिथल्या बाईंनी नियम सांगितले. मेणबत्ती नाही, उदबत्ती नाही, शेकोटी तर नाहीच. चौकीत गॅसची शेगडी आहे. जी ज्योत बटण फिरवून बंद होते तेवढीच चालेल, आणि तिच्यापाशी कुणीतरी बसलेलं हवं.

काकूंनी मान डोलावली. काडेपेटी लाडवांच्या डब्यात, खालच्या थरात होती.

अठ्ठावन्न पायऱ्या. काका कूलर घेऊन मागून येत होते. "अगं, कुकर कशाला आणलास? आपण एक रात्र राहणार आहोत, संसार थाटायचा नाहीये."

"खिचडी काय उन्हात शिजवू?"

वर पोचल्यावर काकू आधी चारी काचांपाशी जाऊन आल्या. सगळीकडे डोंगरच डोंगर. उत्तरेचा एक उतार मात्र काळाठिक्कर होता, नुसत्या जळक्या काड्या उभ्या. "तीन वर्षांपूर्वी गेला," रुचा म्हणाली. "कुणीतरी कॅम्पफायर नीट विझवला नाही. दॅट्स ऑल." तिचं सगळं संशोधन त्याच उतारावर चाललं होतं.

खोलीत खाट, शेगडी, मधोमध धुराची दिशा मोजायचं, नकाशा लावलेलं गोल यंत्र, आणि कोपऱ्यात एक बुटकं स्टूल. त्याच्या चारी पायांखाली काचेच्या वाट्या. "वीज कडाडली की राखणदार याच्यावर उभा राहायचा," इंजिनिअर काकांनी माहिती पुरवली. "काचेतून करंट जात नाही."

"म्हणजे चौरंगच की," म्हणून काकूंनी ते पुसलं, वर रुमाल अंथरला आणि बाळकृष्णाला बसवलं.

ऊन उतरायला लागलं तशा काकू सारख्या घड्याळाकडे बघू लागल्या. रुचाने पर्समधून सेलवर चालणारी पणती काढली. "आई, हे बघ, क्यूट आहे ना?"

"क्यूट आहे. पण ज्योत म्हटलं होतं मी, बल्ब नाही. देवाशी काय वकिली करायची?"

"अगं, मग एक दिवस राहिला तर—"

"राहिला तर काय?" काकू फटकन म्हणाल्या आणि नवऱ्याकडे पाहिलं. काकांनी उगीच भुवया चाचपल्या.

फळीवर एक वही होती. लोरेन नावाची बाई १९५८च्या उन्हाळ्यात इथे एकटी राहिली होती. तिच्या रोजनिशीची ती नक्कल. काकू स्वतः रोज वही लिहिणाऱ्या, त्यांनी लगेच उघडली. दर पंधरा मिनिटांनी एक ओळ. सहा वाजता, धूर नाही. सव्वासहा, धूर नाही. साडेसहा, धूर नाही. पानंच्या पानं. मध्येच एका ठिकाणी, पावणेसात: धूर नाही. पाव करपला.

काकूंना हसू फुटलं. मग त्या काळ्या उताराकडे बराच वेळ पाहत राहिल्या. "किती नेमाची बाई गं," त्या म्हणाल्या, "आणि मी इथे तिच्याच घरात चोरून काडी ओढणार होते." त्यांनी लाडवांचा डबा उपसला आणि काडेपेटी लेकीच्या हातात दिली.

"आई! लाडवांत?"

"तू लाडू खात नाहीस म्हणून."

सूर्य डोंगराला टेकला. काका बिचारे चहा करायला उठले आणि शेगडीचं बटण फिरवलं. टक्क, आणि निळी ज्योत उभी राहिली.

"थांबा!" काकू ओरडल्या. काका जागीच गोठले. "बंद करा ती. बंद करा आणि बाजूला व्हा."

नियमात बसणारी ज्योत समोरच होती! काकूंनी शेगडी पुसली, कडेला हळदकुंकू वाहिलं, बाळकृष्णाला तिच्यासमोर आणलं आणि स्वतःच्या हाताने बटण फिरवलं. तिघांनी हात जोडले. रुचानेही दिव्यापुढचे श्लोक म्हटले, दोन ठिकाणी अडखळत. काकूंचा जीव भांड्यात पडला.

"आता चहा?" काकांनी विचारलं आणि शेगडीकडे हात नेला.

"हात लावू नका. देवापुढची ज्योत कुणी हाताने विझवतं का? तूप संपलं की ती आपली आपण शांत होते."

"अगं, इथे तूप नाही, सिलिंडर आहे! उद्या दुपारपर्यंत शांत व्हायची नाही."

"आणि आई, तो गॅस उद्याच्या गेस्टलाही लागणार आहे," रुचा म्हणाली. "तिच्यापाशी कुणीतरी बसायलाही हवं. मी स्टार्स बघायला आले आहे, शेगडी नाही."

काकूंनाही ते पटलं. दुसऱ्याच्या गॅसवर आपलं व्रत, हे काही बरं नव्हे. आणि हाताने बटण पिळायचं, तर तेही होईना. त्या ज्योतीकडे बघत बसल्या, देवाकडे बघत बसल्या, मग एकदम उठल्या आणि कूलरमधलं दूध काढलं. छोट्या पातेल्यात अगदी काठापर्यंत ओतलं, साखर घातली, नैवेद्य दाखवला आणि शेगडीवर ठेवलं.

मग त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. दुधाकडे पाठ करून बसल्या.

"अगं, दूध वर येतंय," काका म्हणाले.

"येऊ दे."

"आई, दूध!"

"नव्या घरात दूध उतू जावं लागतं, कार्टे. इथे बघ, सूर्य कसा दिसतोय."

काका काय समजायचं ते समजले. बटणावर दोन बोटं ठेवून ते पहारेकऱ्यासारखे उभे राहिले. दूध फुगलं, काठावर थबकलं आणि चारी बाजूंनी भसकन उतरलं. सूंऽऽ करून ज्योत शांत झाली. त्याच क्षणी काकांनी बटण फिरवलं.

"मी फक्त गॅस बंद केला हं," ते दोन्ही हात वर करून म्हणाले, "ज्योत नाही!"

रुचा हसता हसता खाटेवर आडवी झाली. उरलेलं दूध तिघांनी प्रसाद म्हणून प्यायलं आणि शेगडी काकांनी घासली. बायकोला त्यांनी त्या दिवशी ताऱ्यांकडेच पाठवलं.

सकाळी निघण्याआधी काकूंनी पाहुण्यांच्या वहीत आदल्या संध्याकाळची नोंद केली, मराठीतच: "पावणेआठ. चारी दिशांना पाहिले. धूर नाही. दूध उतू गेले."