न लागलेला करंट

वडनेर भोलजीच्या विमलबाई सत्तावीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. लेकराला काट्यावर बसवल्याशिवाय त्यांनी रजिस्टरात कधी वजन लिहिलं नाही, आणि त्यापायी दोन सुपरवायझरांशी वैर घेतलं. एके सकाळी खिचडी वाढताना त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. चालणं सावरलं, पण उजवा पंजा मिटला तो मिटलाच.

बुलढाण्याच्या एका खाजगी दवाखान्यात अशा हातांवर संशोधन सुरू झालं होतं. कानाजवळच्या नसेला हलका करंट देऊन बोटांचा व्यायाम घ्यायचा आणि डोक्यावर तारांची टोपी चढवून मेंदूत काय फरक पडतो ते बघायचं. डॉक्टर स्वरदांनी नीट समजावलं होतं. निम्म्यांना खरा करंट मिळणार, निम्म्यांना नुसतं यंत्र लावणार. कोणाला काय, ते शेवटपर्यंत डॉक्टरांनाही कळणार नाही. विमलबाईंना ते पटलं. त्यांनी डाव्या हाताने सही केली.

राजूर घाट चढून त्या दर आठवड्याला जायच्या. टेक्निशियन गजेंद्र कानाला क्लिप लावून विचारायचा, "झिणझिण्या येतात ना, मावशी?"

"नाही बापू. मले काहीच लागून नाही राह्यलं."

"येतात हो. तुमचं लक्ष नसतं."

चार खेपा त्या स्वतःलाच दोष देत राहिल्या. पाचव्या खेपेला त्यांनी मान वळवून त्याच्या कागदावर पाहिलं. 'झिणझिण्या जाणवल्या' यापुढे बरोबरची खूण होती. मागच्या चारही तारखांपुढे तीच.

"काऊन बे? म्या नाही म्हनलं अन् तू हो लिहितं?"

"सगळ्यांचं तसंच भरतो, मावशी. रकाना रिकामा ठेवला की वरून ओरडा बसतो."

विमलबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वजन न करता वजन लिहिणारे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते, पण इथे त्यांच्याच अंगाबद्दल खोटं लिहिलं जात होतं. त्यांनी डॉक्टर स्वरदांना सांगितलं. "बघते मी," असं म्हणून त्या वॉर्डात निघून गेल्या. पुढच्या तीन खेपांनाही तेच.

मग विमलबाईंनी सहीच्या कागदामागचा पत्ता काढला आणि संशोधनावर लक्ष ठेवणाऱ्या समितीला डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरात तीन पानं लिहिली. समितीने बोलावलं. अध्यक्ष माणिकराव म्हणाले, "एवढ्याशा खुणेने काय बिघडतं, बाई?"

"बिघडते साहेब! उद्या कोनाचा कान भाजला, तं त्यालेही म्हनसान का, तुहं लक्ष नव्हतं?"

माणिकरावांनी दवाखान्यातून फाइली मागवल्या. सगळे कागद तपासले गेले. एकतीसच्या एकतीस रुग्णांपुढे तीच खूण निघाली. संशोधन थांबलं, गजेंद्रला काढलं.

शेवटच्या खेपेला विमलबाई दवाखान्यातून बाहेर पडताना डॉक्टर स्वरदा म्हणाल्या, "आमची दोन वर्षं पाण्यात गेली, मावशी. संशोधन संपल्यावर सगळ्यांना खरा करंट देणार होतो आम्ही. तुमचाच तोटा झाला."

"माहा तोटा म्या केला का? म्या तुमाले सांगतलं तवाच आयकलं असतं तं?" विमलबाई एवढ्या मोठ्याने बोलल्या की रांगेतली माणसं उठून उभी राहिली.

वर्षभराने संशोधन नव्याने सुरू झालं. एकदा भाग घेतलेल्यांना पुन्हा घेता येत नाही, असं विमलबाईंना कळवण्यात आलं. त्यांनी ते पत्र दातात धरून डाव्या हाताने टराटरा फाडलं.

त्याच महिन्यात साखरखेर्ड्याच्या, ओळखीतल्या जुन्या सेविका शालूबाईंचा फोन आला. त्यांचाही हात अंगावरून वारं गेल्याने मिटला होता. त्या संशोधनात जावं की नाही, असं त्या विचारत होत्या.

"जाय," विमलबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अजून तापलेलाच होता. "पन तो यंत्र लावनारा काय लिहिते, ते दर खेपी वाचून घेजो."