‘येते हां’ म्हटल्यावर सुरू झालेली मढची सहल

"मढला जाऊन शेवटचं एक रील करू. नाही चाललं तर खातं बंद," शुभांगीने मेथी निवडता निवडता जाहीर केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुलुंडहून निघालोसुद्धा.

शुभांगी माझी शेजारीण. तिच्या सासूबाईंच्या लांबलेल्या आजारपणात ती जवळजवळ घरातच होती. त्या गेल्यावर गंमत म्हणून आम्ही रील्स करायला लागलो आणि तिचं जुनं, खिदळणारं हसू भिंतीपलीकडून पुन्हा ऐकू यायला लागलं. तिला प्रेक्षक हवे होते. मला ते हसू. अडचण एकच होती. अख्ख्या बिल्डिंगला लोळवणारी ही बाई कॅमेऱ्यासमोर ताठ उभी राहून "नमस्कार मंडळी, आज आपण" अशी सुरुवात करायची, आणि मंडळी तेवढ्यात पसार. "पहिल्या तीन सेकंदांत पकडायचं असतं गं आत्या, नाहीतर लोकांचं बोट वर सरकतं," हे सांगून माझी भाची दमली होती.

जाणाऱ्यांसाठी: मुलुंडहून घाटकोपर रिक्षाने, तिथून मेट्रोने थेट वर्सोवा, मग पुन्हा रिक्षाने जेट्टी. मेट्रोत शूटिंग करायचं नसतं, मोबाइल पर्समध्येच राहू दे. बोटीचं तिकीट वडापावपेक्षा स्वस्त आहे, सुट्टे पैसे ठेवा. समुद्र जेमतेम सुरू होतो तोच मढ येतं, पण तेवढ्यात शुभांगीचा स्कार्फ उडून एका काकांच्या तोंडावर बसला आणि आम्ही उतरेपर्यंत हसत होतो.

मढच्या किल्ल्यात आत सोडत नाहीत, म्हणून वाळूवर मोबाइल रोवला. एका टेकमध्ये कुत्रं आलं. पुढच्यात मोबाइलच आडवा झाला. "नमस्कार मंडळी" काही सुटेना. शेजारी बोंबील वाळत घालणारी बाई बराच वेळ बघत होती.

"बाय, बातम्या देतेस काय?"

मी पोट धरून हसले. शुभांगी हसली नाही. वाळू झटकत म्हणाली, "चल. जेवू आणि संपवू हे."

बोंबील फ्राय कुरकुरीत होते. दोघींत एक थाळी आणि जास्तीची सोलकढी पुरते. पण ती नुसती बोंबील चिवडत होती.

परतीला बसने मालाड गाठलं आणि तिथून रिक्षाने बोरिवली. तिथे तिची मालवणची मावशी राहते. भेट अगदी रीतसर झाली. चहा झाला, तब्येती विचारून झाल्या, पंखा बघून झाला. "येते हां मावशी," म्हणत शुभांगीने लिफ्टचं बटण दाबलं आणि एक चप्पल घातली. मी बसस्टॉपपर्यंत रिक्षा बोलवायला मोबाइल काढला.

"अगो, एक सांगूचा रवलाच," मावशी दरवाजा धरून म्हणाली. "वरचो म्हातारो जिमात गेलो. दोन दिस झाले, जिन्यावरसून उलटो उतरता."

"उलटा म्हणजे?"

"पाय दुखतत ना, पण लिफ्ट नको त्येका. काल माका वाटला, वर चढता. म्हटलंय, खय चाललात? तर म्हणता, दूध आणूक."

शुभांगी तशीच, एका चपलेवर, कठडा धरून उलटी जिना उतरायला लागली. लिफ्ट आली, गेली. मावशीने पदर तोंडात कोंबला. माझ्या बोटाने केव्हा रेकॉर्डिंग सुरू केलं, मला कळलं नाही. लिफ्ट पुन्हा आली, पुन्हा रिकामी गेली.

"मावशी, हे टाकू?" मी विचारलं.

"टाक. नाव नको त्येचा. आणि माझो पदर सरळ करून टाक."

मुलुंडच्या बसमध्ये लिंक रोडवरच्या ट्रॅफिकने आम्हाला भरपूर वेळ दिला. पुढचं-मागचं कापलं. सुरुवातीला "येते हां मावशी" ही ओळ लिहिली, शेवट रिकामी लिफ्ट. पदर काही सरळ करता आला नाही.

ते रील आम्हा दोघींच्या ओळखीपलीकडे, कुठल्या कुठे गेलं. लोक लिहीत होते: आमची आई रिक्षा थांबवून बोलते, आमच्याकडे खऱ्या बातम्या चप्पल घातल्यावरच. एकीने लिहिलं होतं, "आई गेल्यापासून आमच्या दारात कुणी इतका वेळ उभं राहत नाही. परत परत पाहिलं."

परवा ती मेथीची जुडी घेऊन आली.

"मग, खातं बंद करायचं ना?" मी विचारलं.

"गप गं," ती म्हणाली, भाजी ठेवली, "येते, खाली जाऊन दूध आणते" म्हणाली, लिफ्टचं बटण दाबलं आणि पुन्हा दाराकडे वळली. "अगं, एक सांगायचं राहिलंच."

लिफ्ट आली, गेली. माझा मोबाइल आत चार्जिंगला होता. तो आणायला मी गेले नाही.