रोज थोडे पाणी

"मास्तर, तुमची संग्रहणी परत आलेली नाही. तुम्हाला अफूची सवय आहे आणि ती एकदम सोडल्यामुळे हे होतंय," नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी तेव्हा गुडघे पोटाशी घेऊन बाकावर पडलो होतो. नाक-डोळे वाहत होते, पाय आपोआप झटके देत होते आणि जांभया थांबत नव्हत्या. मरायला टेकलेला माणूस इतक्या जांभया देतो, हे मी कुठल्याच पुस्तकात वाचले नव्हते.

आठ वर्षांपूर्वी खरीच संग्रहणी झाली होती. वैद्यांनी ज्वारीच्या दाण्याएवढी अफू दिली. जुलाब थांबले, पुढे वैद्य वारले, अफू राहिली. ज्वारीच्या दाण्याचा हरभरा झाला, एकदाचे दोनदा झाले. सरकारी दुकानातून ती परवान्यावर मिळे. देवळाली प्रवरेत ही गोष्ट फक्त दुकानदाराला आणि माझ्या बायकोला, गोदाला, ठाऊक होती.

मग देश स्वतंत्र झाला आणि गावात नशाबंदीची सभा भरली. वक्ते जीपमधून आले. अध्यक्ष म्हणून मला बसवले, कारण गावात कोट माझ्याकडेच होता. भाषणांनंतर "पहिली शपथ अध्यक्षांची" असा आग्रह झाला. गळ्यात हार असताना माणसाला नाही म्हणता येत नाही. मी तांब्यातले पाणी हातावर घेऊन सोडले. टाळ्या झाल्या. त्याच दिवशी मी अफू बंद केली. तिसऱ्या दिवशी गोदाने मला बैलगाडीत घालून राहुरी स्टेशन गाठले.

"याला विथड्रॉवल म्हणतात," डॉक्टरीणबाईंनी समजावले. "शरीर ज्या वस्तूवर इतकी वर्षं चाललं, ती एकाएकी काढली की ते असं बंड करतं. शपथ तुम्ही घेतलीत, मास्तर, तुमच्या आतड्यांनी नाही. आपण हळूहळू काढू."

औषध म्हणजे अफूचाच अर्क, त्याला टिंक्चर म्हणतात. तो एका कडू मिक्स्चरमध्ये घालून बाटली खाटेशेजारी ठेवली गेली. दिवसातून तीनदा डोस. पहिल्याच डोसानंतर पाय शांत झाले.

"यात अफू किती आहे?" मी विचारले.

"ते सांगणार नाही. आकडा कळला की दिवसभर वजाबाकी करत बसाल."

हेही निदान अचूक होते.

दोन आठवडे बरे गेले. मग दुखणे पुन्हा डोके वर काढू लागले. अंगात मुंग्या, घाम, आणि सलग दोन रात्री झोप नाही. मी गोदावर ओरडलो, बाटलीवर ओरडलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा उतार अवघड असतो. चार दिवस काढा."

तिसऱ्या दिवशी सकाळी गोदाने औषधाचा पेला दिला. मी तो प्यालो आणि झकास झोप लागली. पुढचे मला आठवत नाही. ते गोदाने नंतर सांगितले.

दुपारी डॉक्टरीणबाई तपासायला आल्या तेव्हा माझे ओठ निळे पडले होते. त्यांनी पापणी उचलली. बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. एक श्वास गेला की दुसऱ्याची वाट पाहावी लागत होती.

"काय दिलंत यांना?"

गोदाने पदर मुठीत आवळला. खरे सांगितले तर नवऱ्याला दवाखान्यातून काढतील, ही तिची भीती.

"बाई, मला चोर शोधायचा नाही. माणूस चाललाय."

गोदाने पदराची गाठ सोडली. आत घरची अफूची डबी होती. "दोन गोळ्या. औशिदात इरघळून."

"का?"

"तुमचा कंपौंडर बाटलीत पानी घालतो! हे न्हाणीत गेले की रोज घालतो, म्या सोता बघितलं. दुधात घालत्यात, राकेलात घालत्यात, आता औशिदात बी? मानूस तडफडतोय, अन् ह्यो त्याचं औशिद चोरतोय!"

कंपौंडर उस्मानभाई पोट धुवायची नळी घेऊन धावत येत होते. ते म्हणाले, "अगं माय, पाणी घालण्याचाच तर पगार आहे मला!"

जेवढे औषध कमी होई, तेवढे पाणी घालून बाटली रोज भरायची. त्यामुळे डोस दिसायला तेवढाच राहतो आणि अफू उतरत जाते. उपचार म्हणतात तो एवढाच होता.

गुलाबी औषधी पाण्याने माझे पोट धुतले. इंजेक्शन दिले. उस्मानभाईंनी आणि वॉर्डबॉयने काखेत धरून मला व्हरांड्यात फिरवले. गोदा पुढे उलटी चालत "अवं, डोळं उघडा" म्हणून ओरडत होती. काळी कॉफी पाजली. दिवस मावळायच्या सुमारास मी म्हणे त्यांना विचारले, की ही कसली मिरवणूक आहे.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी आणखी एक शब्द शिकवला, टॉलरन्स. म्हणजे सोसण्याची ताकद. अफू कमी केली की ही ताकदही कमी होते. आठ वर्षे पचलेली गोळी मग जीव घेऊ शकते. अफू सोडत असलेल्या प्रत्येकाने आणि त्याच्या घरच्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

मग त्या गोदाकडे वळल्या. "चूक माझी. यांना आकडा सांगायचा नव्हता, पण तुम्हाला पाणी सांगायला हवं होतं." त्यांनी डबी काढून घेतली आणि तिच्या हातात मापाचा पेला दिला. त्या दिवसापासून उस्मानभाई समोर उभे राहत आणि पाणी गोदा घाली.

कठीण दिवस पुन्हा आले. मी तिच्या हातापाया पडलो. "आज पाणी नको घालू," म्हणालो. ती बाहेर जाऊन रडायची आणि आत येऊन पाणी घालायची.

एका सकाळी मी म्हणालो, "आज औषध जरा जास्त कडू लागतंय. अफू वाढवली वाटतं."

"नुसता चिराइताचा काढा हाय," ती म्हणाली. "चार दिस झालं."

गावी परतलो तर सत्काराची तयारी! अफू सुटल्याची बातमी आधीच पोचली होती आणि नशाबंदीवाल्यांना शपथ पाळणारा अध्यक्ष आयता मिळाला होता. मी हार घेतला नाही. उभा राहून सांगितले, की शपथेवर मी तीन दिवस टिकलो आणि जवळजवळ मेलो. कुणाला सोडायची असेल त्याने आधी डॉक्टर गाठावा. टाळ्या बेताच्याच पडल्या.

चौथ्या दिवशी मळ्यातला एक ओळखीचा गडी दारात आला. बराच वेळ उसाविषयी बोलला. मग हळूच म्हणाला, "मास्तर, ते नगरचं... मला बी जायचंय."

मी पत्ता लिहून दिला. "बरोबर कोण येणार?"

"कारभारीन हाय की भाईर."

"तिला आधी आत बोलाव."

ती डोक्यावरचा पदर सावरत आली. मी तोंड उघडण्याआधी गोदाने तिला चुलीपाशी बसवले.

"हे बघ बाई," ती म्हणाली, "तिथला कंपौंडर बाटलीत पानी घालंल. घालू दे."