सतरा नंबरचा फोन

रफीकभाई गेल्याची बातमी त्यांनीच जोडून दिलेल्या फोनवर आली. आणि आवाज इतका स्वच्छ, की नीट ऐकू आलं नाही म्हणायचीही सोय नाही... काय माणूस! जातानाही काम चोख.

कापसाच्या गावांतून रोज वाईट बातम्या यायच्या, ती वर्षं. शेतकरी घरांतल्या बायकांना मन मोकळं करता यावं म्हणून आमच्या संस्थेने इंटरनेटवरचे फोन लावले. अकोटच्या केंद्रात बाईने रिसीव्हर उचलायचा, की अमरावतीत ऐकायला मी. जोडणी अकोल्याच्या रफीकभाईंची. लांबचा फोन आमच्या यंत्रावर नोंदला गेला की पडद्यावर हिरवा ठिपका लागे, आणि हा पन्नाशीचा गडी टाळी मागायचा. "घ्या ताई, अकोट आलं घरात!"

अकोटची लाइन बारीक. म्हणून त्यांनी आवाज दाबून, लहान करून पाठवणारा 'कोडेक' नावाचा हलका प्रोग्राम निवडला. एका वेळी पाच जणी बोलू शकत. पहिल्याच आठवड्यात एका बाईने फोनवर नाव सांगितलं आणि पुढे ठार शांतता. लाइन गेली समजून मी ठेवला. पुन्हा आला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा अकोटहून रफीकभाईच ओरडले, "ताई, फोन काहून ठेवून राहिल्या?"

"अहो, मेली तुमची लाइन!"

"लाइन नाई मेली. थे बाई रडून राहिली इथं, तोंडात पदर घालून."

जागा वाचवायला तो हलका कोडेक बारीक आवाज आणि शांतता पाठवतच नव्हता! "चूक माही," म्हणत त्यांनी तिला चहा पाजला, थांबवून ठेवलं आणि तिथेच भारी कोडेक लावला. आता पाचांऐवजी दोघीच बोलू शकणार होत्या. संस्थेचे साहेब तापले. रफीकभाई म्हणाले, "दोघीच बोलतील साहेब, पण चूप राहिल्या तरी ऐकू येतील."

चौथ्या वेळी मला तिचा श्वास ऐकू आला. मी काही विचारलं नाही, नुसती बसून राहिले. बऱ्याच वेळाने ती बोलली, आणि मग दुपारपर्यंत थांबली नाही. पुढे दर दसऱ्याला तिच्या वावरातला झेंडू आम्हा दोघांकडे यायचा.

तेव्हापासून रफीकभाईंनी 'हॅलो हॅलो' करून फोन तपासणं सोडलं. अकोल्यात स्वतःच्या घरी सतरा नंबरचा फोन नोंदवला आणि रोज सकाळी दहाला लावायचे. "आता मी चूप बसतो. सांगा, काय ऐकू येते?" मी ओळखायची... पंखा, कुकर, त्यांच्या बायकोचं, शमीमभाभींचं हसणं. चुकले की दिवसभर चिडवणार!

ते गेल्याला आता पाच आठवडे झाले. सतरा नंबर काढून टाका, असं मला ऑफिसातून सांगितलं. पडद्यावर ठिपका तर हिरवाच. परवा दहाला मी तो नंबर लावला. कुणीतरी उचलला, बोललं मात्र कुणी नाही. पंखा कुरकुरत होता. श्वास ऐकू येत होता. मी फोन ठेवला नाही.

"बोला ताई," शेवटी भाभी म्हणाल्या, "काय काय ऐकू आलं?"

"पंखा. आणि भाभी, कुकरची चौथी शिट्टी झाली, गॅस बंद करा आधी!"

त्या खळखळून हसल्या. अख्खं हसू आलं, काही गळलं नाही.

सतरा नंबर मी काढलेला नाही. साहेबांना सांगितलंय, चालू आहे.